ऑफिसच्या नेटवर्कची आकृती काढायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी अकाउंट्स बघते. ऑफिसात आठ कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, कॅमेरे आणि मागच्या शेडमध्ये डिस्पॅचचा एक कॉम्प्युटर आहे. काही बंद पडलं की कुठली वायर कुठे जाते हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या मुलाने हे सगळं जोडलं तो पुण्याला गेला. मालक म्हणतात, तुम्हीच एकदा नकाशा काढून ठेवा. मी नेटवर्किंग शिकलेली नाही. कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

उत्तर:

ताई, सॉफ्टवेअर सध्या बाजूला ठेवा. चार-पाच कोरे ए-फोर कागद, पेन्सिल, खोडरबर, मोबाइलचा टॉर्च, पांढरी चिकटपट्टी आणि एक पर्मनंट मार्कर एवढंच घ्या. सोलापुरातल्या पेढ्या, दवाखाने, कारखान्यांची ऑफिसं यांची नेटवर्क जोडणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, नेटवर्कची आकृती खुर्चीत बसून निघत नाही. वायरीला हात लावून तिच्यामागे चालत गेलं की निघते. नेटवर्किंग शिकलेलं नाही याची अजिबात काळजी करू नका. जाणकार माणूस पुष्कळदा ‘इथे असंच असणार’ असं धरून रेघ ओढतो आणि तिथेच चुकतो. तुम्ही दिसेल तेवढंच लिहाल, आणि आकृतीला तेच लागतं.

आधी एक गोष्ट पक्की करा: कागद दोन करायचे. पहिल्यावर वायरी, म्हणजे कुठला डबा कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीवर आहे आणि कशातून निघालेली वायर कशात जाते. दुसऱ्यावर पत्ते, म्हणजे कुठल्या यंत्राचा आयपी अॅड्रेस काय, तो कोण देतं आणि इंटरनेटकडे जायचं दार कुठलं. नवीन माणूस दोन्ही एकाच कागदावर कोंबतो आणि मग त्या जाळ्यातून त्याचं त्यालाच काही वाचता येत नाही. वायर तुटली की पहिला कागद कामाला येतो; वायर ठीक असून प्रिंटर सापडत नसेल तर दुसरा.

पहिल्या कागदाची सुरुवात बाहेरून येणाऱ्या लाइनपासून करा. खांबावरून एक बारीक काळी फायबर येते आणि भिंतीवरच्या छोट्या पांढऱ्या डब्यात शिरते. त्या डब्याला ओएनटी म्हणतात. आपल्याकडे बरेच लोक त्यालाच मोडेम म्हणतात. त्यावरचे दिवे बघून घ्या. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर लाइन आहे, ‘लॉस’चा दिवा लाल झाला तर फायबरमधून प्रकाशच येत नाही आणि तक्रार कंपनीकडेच करायची. हे दोन दिवे आकृतीत डब्याशेजारी लिहून ठेवा, कारण नेट गेल्यावर पहिलं तेच बघायचं असतं. फायबरचा हिरवा कनेक्टर मात्र काढून बघू नका आणि ती वायर घट्ट वाकवू नका. कागदाच्या माथ्यावर इंटरनेटसाठी एक ढग काढा, त्याखाली ओएनटीचा चौकोन. आतलं आपल्या ताब्यात नाही म्हणून तिथे ढग काढायची पद्धत आहे. त्याच्या शेजारी ग्राहक क्रमांक आणि कनेक्शनला कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे तेही लिहा. पुण्याला गेलेल्या मुलाचाच नंबर तिथे असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर तक्रारीचा ओटीपी त्याच्याकडे जात राहील.

ओएनटीतून एक वायर राउटरमध्ये, म्हणजे नेट सगळ्या यंत्रांना वाटणाऱ्या डब्यात, जाईल. राउटरला बाहेरून येणाऱ्या वायरीसाठी ‘वॅन’ लिहिलेलं एक तोंड असतं, बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचं, आणि आतल्या यंत्रांसाठी ‘लॅन’ची तीन-चार. कुठली वायर कुठल्या तोंडात आहे ते नेमकं लिहा, कारण दुसऱ्या कागदाच्या वेळी याचा फार उपयोग होईल. ओएनटीच वायफाय देत असेल आणि त्याच्यापुढे वेगळा राउटर नसेल तर दोन्ही कामं एकच डबा करतोय. तसंच काढा, नसलेला चौकोन काढू नका.

राउटरपासून पुढे स्विच, म्हणजे एका वायरीवर अनेक यंत्रं जोडून देणारा डबा. हा बहुधा माळ्यावर, कपाटामागे किंवा अकाउंट्सच्या टेबलाखाली धुळीत पडलेला असतो. इथे घाई करू नका. सोळा पोर्टचा, म्हणजे सोळा तोंडांचा, असेल तर कागदावर सोळा खणांचा लांबट चौकोन आखा, खणांना क्रमांक द्या आणि प्रत्येक खणात तिकडून काय येतं ते लिहा. रिकाम्या खणात ‘रिकामा’ असं लिहा. कोरा सोडलेला खण पोर्ट रिकामं असल्याने कोरा आहे की बघायचं राहिल्याने, हे पुढच्या माणसाला कळत नाही.

आता वायर ओळखायची कशी? संध्याकाळी काम संपल्यावर, मालकांना सांगून करा. सगळीकडचं टॅली नीट बंद करून घ्या, कारण चालू टॅलीची वायर काढली तर डेटा बिघडू शकतो. मग एका कॉम्प्युटरवर विंडोजच्या शोधपट्टीत इंग्रजीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडते. तिथे पिंग, मग राउटरचा पत्ता (तो कसा बघायचा ते खाली दुसऱ्या कागदात, गेटवे म्हणून, आहे) आणि शेवटी वजा-टी असं लिहिलं की त्या कॉम्प्युटरकडून राउटरकडे दर सेकंदाला एक हाक जाते आणि उत्तर येत राहतं. एकीला तिथे बसवा, तुम्ही स्विचजवळ एकेक वायर काढा. उत्तर थांबलं की ती ओरडून सांगेल. सापडलेली वायर परत त्याच तोंडात बसवा आणि दोन्ही टोकांना, प्लगपासून वीतभर आत, एकच क्रमांक लिहिलेली पट्टी गुंडाळा. वरून पारदर्शक टेप मारा. सुताच्या धुळीत आणि हाताच्या घामात नुसता मार्कर टिकत नाही. वायरी खूप असतील तर केबल ट्रॅकर नावाचं यंत्र मिळतं. एका टोकाला सूर सोडायचा आणि दुसरीकडे कांडीने ऐकत जायचं. आठ-दहा वायरींसाठी त्याची गरज नाही.

माग काढताना एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये घातलेली दिसली, किंवा त्याच दोन स्विचना जोडणाऱ्या दोन वायरी दिसल्या, तर आधी चौकशी करा आणि नको असलेली काढून टाका. साध्या स्विचमध्ये त्यापासून बचाव नसतो. सगळ्यांसाठी सोडलेला संदेश त्या फेऱ्यात गोल गोल फिरत राहतो आणि बघता बघता अख्खं ऑफिस ठप्प होतं. कुणीतरी लोंबणारं टोक ‘नीट लावून ठेवू’ म्हणून रिकाम्या तोंडात घालतं आणि हे होतं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. शहरातल्या एका सूत व्यापाऱ्याच्या गोडाऊनमधल्या कॅमेऱ्यांचं रात्रीचं रेकॉर्डिंग मिळत नव्हतं. दिवसा सगळं व्यवस्थित चालायचं. कॅमेरे बदलून झाले, रेकॉर्डरची हार्ड डिस्क बदलून झाली, फरक पडला नाही. मी तिथे आकृती काढायला घेतली. स्विचच्या पाचव्या पोर्टातून निघालेली वायर भिंतीत जात होती आणि गोडाऊनच्या बाजूने एक वायर भिंतीतून बाहेर येऊन कॉम्प्युटरला लागत होती. सगळे म्हणत होते ती एकच वायर आहे. पण गोडाऊनच्या कॉम्प्युटरचं बटण बोर्डावरून बंद केलं तरी पाचव्या पोर्टाचा दिवा पेटलेलाच राहिला. समोरच्या टोकाला वीज असलेलं काही असल्याशिवाय तो दिवा पेटत नाही. म्हणजे मध्ये आणखी एक डबा होता. शोधल्यावर गोडाऊनमधल्या लोखंडी कपाटावर, गोणपाटाखाली, पाच पोर्टचा एक छोटा स्विच सापडला. कॅमेरे त्यातूनच जात होते. त्याचा अडॅप्टर गोडाऊनच्या ट्यूबलाइटच्या बोर्डावर होता, आणि कुलूप लावताना कामगार तो बोर्ड रोज इमानाने बंद करून जात होता. अडॅप्टर दुसऱ्या बोर्डावर हलवला आणि काम झालं.

म्हणून वायरींच्या कागदावर प्रत्येक डब्याखाली त्याची वीज कुठून येते तेही लिहा: कुठला बोर्ड, यूपीएसवर आहे की नाही, इन्व्हर्टरवर आहे की नाही. लाइट गेली की राउटर यूपीएसवर चालू आणि ओएनटी मात्र साध्या बोर्डावर बंद, असं कितीतरी ठिकाणी असतं. वायफायचं चिन्ह दिसतं, नेट नसतं आणि सगळे राउटरला दोष देत बसतात.

तुमच्या शेडकडे वेगळं लक्ष द्यावं लागेल. साध्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. शेड ऑफिसपासून किती लांब आहे ते अंदाजाने लिहू नका. बऱ्याच केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांजवळचे आकडे वाचून वजाबाकी केली की लांबी मिळते. तिथेच केबलचा प्रकार, ‘कॅट ५ई’ की ‘कॅट ६’, तोही छापलेला असतो, तो रेघेवर लिहा. गिगाबिटसाठी, म्हणजे १००० एमबीपीएस वेगासाठी, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. १०० एमबीपीएस दोन जोड्यांवर चालतं. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तर बऱ्याचदा नेट बंद न पडता नुसतं हळू होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

शेडवर पत्रा आहे ना? मे महिन्यात सोलापूरचं तापमान बेचाळीसच्या वर जातं आणि पत्र्याखाली त्याहून जास्त असतं. घरगुती दर्जाचे बहुतेक स्विच आणि राउटर ४० अंशांपर्यंतच चालवावेत असं त्यांच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. वर हवेत रुईची धूळ, ती डब्याच्या भोकांत बसते. डबा पत्र्याला लागून आहे की खाली टेबलावर, हे आकृतीत लिहिलेलं असेल तर दर उन्हाळ्यात दुपारी नेट का अडकतं याचं उत्तर कागदावरच दिसेल. शिवाय दोन इमारतींमधून उघड्यावरून तांब्याची केबल गेली असेल तर वळवाच्या विजांमध्ये दोन्हीकडची यंत्रं जळायची भीती असते. मी अशा ठिकाणी फायबर टाकायचाच आग्रह धरतो. फायबर असेल तर दोन्ही टोकांना फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारे मीडिया कन्व्हर्टर नावाचे छोटे डबे असतील. त्यांनाही वीज लागते, म्हणून तेही स्वतंत्र चौकोन काढून दाखवा.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात. रेकॉर्डर दोन प्रकारचे असतात, डीव्हीआर आणि नेटवर्क केबलच्या कॅमेऱ्यांचा एनव्हीआर. डीव्हीआर असेल तर कॅमेऱ्यांच्या जाड गोल वायरी नेटवर्कच्या नाहीतच. आकृतीत फक्त डीव्हीआरचा चौकोन आणि त्यातून स्विचला जाणारी एक वायर काढा. एनव्हीआर असेल आणि कॅमेरे थेट त्याच्या पाठीमागे लागत असतील तर त्यांचे पत्ते बहुधा स्वतःच्या वेगळ्या मालिकेत असतात. ते ऑफिसच्या यादीत दिसले नाहीत तर घाबरू नका.

आता दुसरा कागद. प्रत्येक कॉम्प्युटरवर तीच काळी खिडकी उघडा, इंग्रजीत आयपीकॉन्फिग लिहा, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ऑल लिहा. बरंच काही छापून येईल. त्यातून पाच गोष्टी उतरवायच्या: कॉम्प्युटरचं नाव, आयपीव्ही४ अॅड्रेस, डिफॉल्ट गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता), डीएचसीपी सर्व्हर (यंत्रांना पत्ते वाटणारा) आणि फिजिकल अॅड्रेस. शेवटचा म्हणजे बारा अक्षर-आकड्यांचा मॅक अॅड्रेस, त्या यंत्राची नेटवर्कवरची ओळख. लॅपटॉप असेल तर वायरचा आणि वायफायचा मॅक वेगवेगळा असतो, दोन्ही घ्या. प्रिंटरचा पत्ता त्याच्या स्वतःच्या मेनूत मिळतो.

पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा असेल. शेजारच्या कारखान्यातही तोच दिसेल, त्यात गडबड काही नाही. आत वापरायच्या पत्त्यांच्या तीन मालिका १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात राखून ठेवल्या आहेत: १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. त्या जगभर सगळे आपापल्या भिंतींच्या आत वापरतात. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर मात्र थांबा. त्या यंत्राला राउटरकडून पत्ता मिळाला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला, असा त्याचा अर्थ. पहिल्या कागदावर त्याची वायर बघा.

खरी मेख गेटवेच्या रकान्यात असते. सगळ्यांचा गेटवे १९२.१६८.१.१ आणि दोन कॉम्प्युटरांचा १९२.१६८.०.१, असं दिसलं तर ऑफिसात दोन राउटर आहेत आणि दोघांची वेगवेगळी नेटवर्क झाली आहेत. लहान ऑफिसांत हा दोष फार दिसतो. वायफाय पुरेना म्हणून कुणीतरी दुसरा राउटर आणतो, पहिल्याची वायर त्याच्या वॅनमध्ये घालतो. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण नव्या राउटरवरच्या लॅपटॉपवर शोधलं तर टॅलीचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर यादीत येत नाहीत, आणि पलीकडच्यांना त्या लॅपटॉपवरचं काही उघडता येत नाही. म्हणून पहिल्या कागदावर वॅन की लॅन ते लिहायला सांगितलं. उपाय सोपा आहे: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय देणारा) असेल तर तो लावा. नसेल तर त्याला न वापरलेला वेगळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि वायर लॅनमध्ये घाला. डीएचसीपी बंद न करता वायर लॅनमध्ये घातली तर उलटा त्रास होतो. दोघेही पत्ते वाटायला लागतात आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता यंत्र घेतं. मग सकाळी एक कॉम्प्युटर बंद, दुपारी दुसरा. डीएचसीपी सर्व्हरच्या रकान्यात दोन वेगळे पत्ते दिसले की ओळखा.

टॅलीचा डेटा ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याचा आणि प्रिंटरचा पत्ता बदलता कामा नये. बाकीच्यांच्या टॅलीत डेटाचा रस्ता पुष्कळदा आयपी अॅड्रेस घालूनच दिलेला असतो. राउटर बंद-चालू झाल्यावर त्या कॉम्प्युटरला दुसरा पत्ता मिळाला की सगळ्यांचं टॅली अडतं, आणि तेही नेमकं जीएसटीच्या तारखेला. राउटर समजा शेवटचा आकडा १०० ते २०० असलेले पत्ते वाटत असेल तर अशा यंत्रांना शेवटी १० ते ३० मधला आकडा असलेले पत्ते कायमचे द्या आणि तो हिशेब कागदाच्या तळाशी लिहा.

कुठला चौकोन, कुठला गोल, याचा फार विचार करू नका. आज ज्याला इंटरनेट म्हणतो त्याची सुरुवात मानल्या जाणाऱ्या अर्पानेटचं डिसेंबर १९६९ मधलं हाताने काढलेलं रेखाटन प्रसिद्ध आहे. त्यात चार गोल आहेत, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाजवळ जागेचं नाव आणि जोडलेल्या कॉम्प्युटरचं नाव, आणि मध्ये चार रेघा. लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड, सँटा बार्बरा आणि युटा ही चार ठिकाणं कशी जोडली होती ते त्यावरून आजही कळतं. तुमच्या ऑफिसला यापेक्षा जास्त सजावट लागत नाही. वायरसाठी सरळ रेघ, वायफायसाठी तुटक रेघ, फायबरसाठी दुसऱ्या रंगाची, आणि कोपऱ्यात त्याचा खुलासा. रेघा एकमेकींना छेदायला लागल्या तर चौकोनांच्या जागा बदला. पेन्सिल त्यासाठीच सांगितली.

कागद जुळला की मग सॉफ्टवेअर. ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवता येते, आणि राउटर-स्विचची तयार चित्रं त्यात आहेत. लिब्रेऑफिसचं ड्रॉही पुरतं. मायक्रोसॉफ्टचं व्हिजिओ विकत घ्यायची गरज नाही. वरून खाली जाणारी मांडणी ठेवा, एका ए-फोरवर छापल्यावर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी अक्षरं ठेवा, आणि कोपऱ्यात तारीख आणि काढणाऱ्याचं नाव.

ऑफिसला हात घालण्याआधी रविवारी घरी एकदा करून बघा. ओएनटी, टीव्ही, मोबाइल, असेल तर एखादा लॅपटॉप, तासाभरात होईल. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, ती तुमच्या कागदाशी ताडून बघा. अनोळखी मॅक दिसला म्हणून लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल वायफायला बनावट मॅक दाखवतात. मोबाइलचं वायफाय एकेक करून बंद करत यादी बघितली की कोण कुठला ते कळतं.

आकृतीवर पासवर्ड लिहू नका, वायफायचाही नाही आणि कॅमेऱ्यांचा तर मुळीच नाही. ते वेगळ्या कागदावर मालकांच्या कपाटात. आकृतीची एक प्रत स्विचजवळ कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक मालकांकडे द्या. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. नवीन वायर आली की त्याच दिवशी पेन्सिलने त्या प्रतीवर ओढा, छापील नंतर सुधारता येते.

सगळं झाल्यावर एकदा तपासणी करा. ज्याला यातलं काही माहीत नाही अशा माणसाच्या हातात कागद द्या, ऑफिसबॉय असला तरी चालेल. ‘डिस्पॅचच्या कॉम्प्युटरची वायर स्विचमधून काढून दाखव’ एवढंच सांगा, बाकी काही बोलू नका. तो माळ्यावर चढून योग्य वायर धरेल किंवा मध्येच कुठेतरी अडखळेल. अडखळला तर तिथलं नाव, क्रमांक किंवा पट्टी सुधारा, तारीख बदला आणि दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा द्या.